तुलनेची वाडी

खालची वाडी, मुळशी
२४ ऑक्टोबर १९५९

सर,

साष्टांग नमस्कार गेल्या दोन वर्षांत पुष्कळ घालून झाले. आज नुसता नमस्कार घ्या.

तुमचं पत्र परवा पौडाच्या पोस्टातून वर आलं. "खालच्या वाडीतील मुलांची वजने संशयास्पद वाटतात. तराजू बिघडला असावा. तपासून पुन्हा पाठवावीत." सर, तराजू ठणठणीत आहे. मी त्याला आधी नाचणीची पायली टांगून पाहिली, मग तुमची पुस्तकांची पेटी टांगून पाहिली. वजनं बरोबर आहेत. मुलं जड झाली आहेत, कारण गेले सहा आठवडे मी त्यांना दूध पाजते आहे.

लिहून टाकलं. आता तुम्ही चष्मा काढाल, पुसाल, पुन्हा घालाल आणि वाक्य तेच राहील.

तुमचा आराखडा मला पाठ आहे. वरच्या वाडीतल्या मुलांना परदेशातून आलेल्या भुकटीचं दूध रोज एक वाटी द्यायचं, खालच्या वाडीतल्या मुलांना काही द्यायचं नाही. दोन्हीकडच्या मुलांची उंची, वजन आणि डोक्याची लांबी-रुंदी दोन वर्षं मोजायची आणि दुधाने किती फरक पडतो ते दाखवायचं. कागदावर वरची ती दुधाची वाडी आणि खालची ती तुलनेची वाडी. खालच्यांना आपलं हे नाव ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, वरच्यांचं झालं की आपली पाळी. मीही कधी "नाही" म्हटलं नाही. कुणी विचारलं की "बघू" म्हणत राहिले. "बघू" म्हणायला मी तुमच्याकडेच शिकले.

तुम्ही विचाराल, दीड वर्ष नियमाने वागणारी मुलगी एकाएकी अशी का बिथरली. त्याचं उत्तर आज देणार नाही. पण सुरुवात कुठून झाली ते सांगते. ती तुम्हालाही माहीत आहे, तुम्ही तिच्यावर व्याख्यानच दिलं होतं.

जून अठ्ठावन्नमध्ये मी पहिल्यांदा चिमटा घेऊन इथे आले, तेव्हा साळूबाई आडवी आली. वाघजाईची पूजा करणारी ही म्हातारी. वाडीत तिचा शब्द खाली पडत नाही. डोकं मोजायचा लोखंडी चिमटा तिने उलटसुलट करून पाहिला.

"ह्ये पोरांच्या टाळूला लावनार? तू कोन लागतीस पोरांची?"

"मी संस्थेकडून आलेय."

"संस्था कोन? तिला पोरं हायेत का?"

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "परक्याचा हात टाळूला लागत न्हाई आमच्यात. आईचा लागतो, आत्याचा लागतो. आई तर तू न्हाईस. आत्या हो, न्हाईतर आली तशी वाट धर."

मग वाघजाईला कौल लावला. शेंदराच्या दगडावर ओल्या तांदळाचे दोन दाणे चिकटवले. उजवा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. उजवा पडला. साळूबाईने माझ्या तळहातावर तेल ओतलं आणि मी एकतीस मुलांच्या टाळूवर ते एकेक करून घातलं. मग चिमटा लावला. तेव्हापासून दर महिन्याला आधी तेल, मग चिमटा, असंच चालत आलं. तेलाने चिमटा घसरतो आणि माप चुकतं अशी तुमची तक्रार होती, म्हणून मी चिमट्याच्या टोकांना चिंधी गुंडाळली.

मी मनातल्या मनात खूश होते. दुसऱ्याच दिवशी तुम्हाला लिहिलं, "सर, युक्ती लागू पडली!" तुम्ही वर्गात ते पत्र वाचून दाखवलंत. जवळीक साधण्याचा उत्तम नमुना, म्हणालात. तुमच्या सूचनांच्या पुस्तिकेत सातवी सूचना आहे ना, "सहानुभूती दाखवावी, परंतु गुंतू नये." तुम्हाला वाटलं मी ती तंतोतंत पाळली. मलाही तसंच वाटलं होतं.

युक्ती हा शब्द माझा होता. तो मी परत घेते. दूध मात्र परत घेणार नाही.

जया


खालची वाडी
१२ नोव्हेंबर १९५९

सर,

चार पानांचं पत्र मिळालं. तुम्ही रागावून लिहिलं असतं तर उत्तर द्यायला सोपं गेलं असतं. तुम्ही समजुतीने लिहिलंत, आणि तुमच्या समजुतीची मला पहिल्यापासून भीती वाटते.

तुम्ही म्हणता, एका वाडीने दोन वर्षं थांबायचं, पण त्या आकड्यांच्या जोरावर उद्या जिल्ह्यातल्या प्रत्येक डोंगरवाडीला दूध मिळेल. एकतीस मुलांपायी तू हजारोंचं दूध सांडलंस. हे वाक्य मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. माझ्या घरच्यांच्या विरोधाला न जुमानता मला शिकू देणारे तुम्हीच. गेल्या माघात डोंगर चढून इथे येऊन पारूच्या चुलीपुढे नाचणीची भाकरी खाणारेही तुम्हीच. तुमच्या मनात पाप नाही. पण सर, हे थांबणं तुम्ही ठरवलंत, मी राबवलं आणि केलं त्यांनी. त्यांना कुणी विचारलं? डोक्याला हात लावायचा तर आम्ही देवीला कौल मागितला. उपाशी ठेवायचा कौल आम्ही कुणाकडे मागितला होता?

उपाशी हा शब्द तुम्हाला लागेल. "आपण त्यांच्या तोंडचे काही काढून घेतलेले नाही," असं तुम्ही मागे एकदा म्हणाला होतात. आषाढ ते भाद्रपद इथे कणगी झाडूनही दाणा निघत नाही. नाचणी अजून शेतात हिरवी असते, रानातले कंद उकळून खातात. तेव्हा वरच्या वाडीतल्या खोलीत दुधाचे सात डबे कुलपात आणि किल्ली माझ्या कनवटीला. काढून घेणं आणि न देणं यातला फरक तुम्ही व्याख्यानात नीट समजावून सांगाल, तो इथे चुलीपुढे बसून समजावता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. "क्रमांक १४चे सप्टेंबरपासूनचे रकाने कोरे का?"

क्रमांक चौदा म्हणजे सोनी. पारू आणि काळूची मुलगी, चार वर्षांची. तुम्ही भाकरी खाताना तुमच्या चष्म्याला हात लावत होती ती. श्रावणात दोन्ही वाड्यांत गोवर आला. वर नऊ मुलांना आला, नऊच्या नऊ उठली. खाली अकरा मुलांना आला, दहा उठली. गोवर ओसरल्यावर सोनीला जुलाब लागले, अंगात काही उरलंच नव्हतं. आठ सप्टेंबरला ती गेली.

तुम्हाला फरक हवा होता ना? हा घ्या. तक्त्यात मांडून पाठवू का?

आणि यावर तुम्ही सुचवता की मृत्यूची नोंद नको. अनुदान देणारी समिती नको ते प्रश्न विचारील, दोन वर्षांचं काम धुळीला मिळेल. दिवाळीनंतर ही कुटुंबं नाहीतरी कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तेव्हा चौदापुढे "गाव सोडून गेली" असं लिहावं. दुधाचा उल्लेख गाळावा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची वजनं "तराजू नादुरुस्त" म्हणून रद्द करावीत. मग माझा प्रबंध मार्चमध्ये सादर होईल आणि जूनपासून संस्थेत माझी जागा पक्की.

ही जागा मला किती हवी होती ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. मी बाई म्हणून ज्यांनी मला ग्रंथालयातही बसू दिलं नाही, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसायचं होतं. अजूनही बसायचं आहे. म्हणूनच सांगते, सोनीच्या पुढे ते तीन शब्द मी लिहिणार नाही.

जया


खालची वाडी
३० नोव्हेंबर १९५९

सर,

तुमचं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे, कारण मागच्या पत्रात मी स्वतःला फार चांगली करून दाखवलं. तुमच्यावर आवाज चढवला आणि माझं झाकून ठेवलं. तुम्ही लबाड म्हणण्यापूर्वी मीच सगळं सांगते.

सोनी जाण्याच्या चार दिवस आधी पारू दुधाच्या खोलीत आली होती. सकाळची वेळ होती आणि वरच्या वाडीतली मुलं वाट्या घेऊन रांगेत बसली होती. पारू सोनीला कडेवर घेऊन डोंगर चढून आली. पोरीची मान तिच्या खांद्यावर टेकलेली.

"आत्या, हिला वाटीभर द्या," ती म्हणाली. तिने हात पसरला नव्हता. घरच्या माणसाकडे मागावं तसं मागितलं.

मी म्हटलं, "पारू, हे दूध मोजून आलंय. हिला पौडाला दवाखान्यात ने."

"वढा भरलाय. कशी नेऊ?"

"पाणी उतरलं की ने."

ती गेली नाही. रांगेतल्या मुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या वरल्या पोरांची तू कोन? बाई. आमच्या पोरांची आत्या. मंग दूध ह्यांना न् तेल आमाला, ह्ये कसं?"

मी तिला नियम सांगितला. सर, मी तिला खरोखरच नियम सांगितला. दोन वाड्या का, तुलना म्हणजे काय, हे नाही सांगितलं. फक्त एवढंच म्हटलं की वरून हुकूम नाही. साहेबांच्या हुकमाने कातकरी माणूस गप्प बसतो हे मला ठाऊक होतं, आणि मी ते वापरलं.

ती म्हणाली, "म्हंजे त्येल लावलं ते खोटं व्हतं?"

"खोटं नव्हतं."

"मंग?"

मी दुधाच्या पातेल्याकडे वळले. ती पोरीला घेऊन उतरली. मी उरलेल्या मुलांना दूध वाढलं आणि वहीत प्रत्येकापुढे खूण केली. त्या दिवशी दोन वाट्या दूध उरलं. नियमाप्रमाणे ते मी ओतून दिलं.

दूध दिलं असतं तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. पौडाचे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तुम्हीही तेच म्हणाल आणि ते खरंच आहे. पण माझ्याकडे मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं, हे मला पुरतं माहीत आहे. त्याला कुणा डॉक्टरचा दाखला लागत नाही.

काळूने शेताच्या कडेला खड्डा घेतला. मला वाटलं, आता मला कुणी बोलावणार नाही. बोलावू नये असंही वाटत होतं. साळूबाईने नातीला पाठवलं, "पहिली मूठ आत्याची. बोलव तिला." मी गेले. पारूने माझ्याकडे पाहिलं नाही, पण जरा सरकून जागा केली. मी माती टाकली. शिव्या दिल्या असत्या, दगड मारले असते, तरी मी ते सोसलं असतं. त्यांनी मला आत्याचा मान दिला आणि त्या मानाने माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी मी साळूबाईला म्हटलं, "देवीला विचार, मी राहू की जाऊ." तुमची विद्यार्थिनी, शास्त्राची पदवीधर, शेंदराच्या दगडापुढे हात जोडून बसली होती. हसा खुशाल. दाणे लावले. उजवा पडेना, डावा पडेना. ऊन डोक्यावर आलं, दाणे वाळून दगडाला घट्ट चिकटले. साळूबाईने गुडघ्यावर हात टेकले आणि उठली.

"देवी बोलंना. म्हंजे तुजं तूच ठरव म्हनतीया. सारखं तिलाच इचारशील तर तुला डोकं कशाला दिलंय?"

मी तडक वरच्या वाडीत गेले आणि खोलीचं कुलूप काढलं. वरच्या बायकांनी विचारलं, कुठे नेता डबे? मी सांगितलं. वाटलं होतं, भांडतील. सगुणाबाईने पदर खोचला आणि एक डबा उचलून डोक्यावर घेतला. "आमची पोरं अर्धी वाटी कमी प्याली म्हनून काय मरत न्हाईत," म्हणाली. तिच्यामागून आणखी चौघी आल्या. तुमच्या तक्त्यात दुधाची वाडी आणि तुलनेची वाडी यांच्यामध्ये एक जाड रेघ आहे. ती रेघ या बायकांनी चालत ओलांडली. त्यांना ती दिसलीच नाही.

तेव्हापासून रोज सकाळी दोन्ही वाड्या दूध पितात. डबे लवकर संपतील. ते माझ्याच नावावर लिहा.

पारू मला आता आत्या म्हणत नाही. "बाई" म्हणते. तिच्या धाकट्याला, धाकलूला, तेल लावायला मात्र आणते. समोर बसवते आणि हात पाठीमागे बांधून उभी राहते. मी लावते.

जया


खालची वाडी
२१ डिसेंबर १९५९

सर,

तुमचा शिपाई नथू कागद घेऊन परवा इथे पोचला. बिचारा धरणाच्या कडेपासून दोन तास चढून आला, पाय सोलून निघाले होते. साळूबाईने त्याचे पाय गरम पाण्यात घालून ठेवले आणि तो "बाई, सही करा, मला माघारी जाऊ द्या," म्हणत राहिला. मी त्याला जेवायला वाढलं. सही केली नाही.

कागद चांगला टाइप केला आहे. मी लिहून द्यायचं की वह्या पूर्ण आणि बिनचूक आहेत, क्रमांक १४ स्थलांतरित, आणि खालच्या वाडीत काहीही वाटप झालेलं नाही. खाली माझी सही आणि साक्षीदार म्हणून पाटलाची. बदल्यात प्रबंध मार्चमध्ये. सही न केल्यास नोंदणी रद्द आणि वह्या संस्थेची मालमत्ता म्हणून ताबडतोब जमा कराव्यात.

साक्षीदाराची सही तुम्ही परस्पर मागवलीत हेही कळलं. हैबतराव पाटलांकडे मी पहिले चार महिने राहायला होते. ते काही या वाडीचे कैवारी नाहीत. "ह्या लोकांच्या नादाला लागून शिकलेली मान्सं बी बिगडत्यात," असं मला तोंडावर सांगणारे. पण नथूला ते म्हणाले, "सायबाला सांग, लिवून द्याला माजं काय जातंय? पर गावचं जन्ममरनाचं बुक माज्याकडं हाय. त्यात मी पोरगी मेली म्हनून लिवलीया, आठ तारखेला. एका हातानं मेली लिवू न् दुसऱ्या हातानं भट्टीवर धाडू व्हय?" कागद त्यांनी बिनसहीचाच परत केला. ती वही फौजदार तपासतो, म्हणूनही असेल. काही का असेना, अर्धवट शिकलेल्या पाटलाला जे जमलं नाही ते तुम्ही मला करायला सांगता आहात.

नथू असतानाच मी काल वाडी जमवली. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते दीड वर्षाने केलं. वाघजाईपुढे बसून वही उघडली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली. कुणाचं पोर केव्हा किती भरलं, कुणाचं किती वाढलं. बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या, भिकूचं पोर सगळ्यांत जड निघालं तेव्हा हशा झाला. मग मी वही खाली ठेवली आणि सांगितलं की वरच्यांना दूध देऊन आणि तुम्हाला न देऊन आम्ही बघत होतो, कुणाची पोरं किती वाढतात. पाळी येणार नव्हती. तुम्हाला "बघू" म्हणत होते तेव्हाही मला ते माहीत होतं.

काळू ताम्हिणीकडच्या भट्टीवरून मुद्दाम आला होता, हातापायांवर कोळशाचं काळं तसंच. तो सावकाश म्हणाला, "म्हंजे आमी जे खाल्लं न्हाई, ते तुमी मोजत व्हता?"

मी म्हटलं, "होय."

सर, तुमच्या चार पानांच्या आराखड्याचं सार या माणसाने एका वाक्यात सांगितलं. त्याला शाळा नाही.

भिकू उठला, म्हणाला, "जाळा ते बुक. हितंच जाळा." बरेच जण "व्हय, जाळा," म्हणाले. मला ते मनापासून पटलं, कारण वही जळाली असती तर मीही सुटले असते. मी वही पुढे केलीसुद्धा.

तेव्हा पारू बोलली. सोनी गेल्यापासून चारचौघांत ती पहिल्यांदाच बोलली. "जाळायचं न्हाई. त्यात माज्या पोरीचं वजान हाय, उंची हाय. दर म्हैन्याचं हाय. दुसरं काय हाय माज्याकडं तिचं? फोटू हाय? जाळलं तर ती व्हती ह्येच राहनार न्हाई."

मग ती माझ्यासमोर येऊन बसली. "बाई, चौदावं पान काढा. वाचा." मी वाचलं. जून अठ्ठावन्नपासून ऑगस्ट एकोणसाठपर्यंत पंधरा महिने, पंधरा ओळी. शेवटच्या तीन महिन्यांत सोनीचं वजन दर महिन्याला उतरत गेलं आहे. ते मीच माझ्या हाताने लिहिलं होतं आणि लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. पारूने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ऐकलं. शेवटच्या ओळीशी आल्यावर तिने विचारलं, "ह्ये उतरलं तवा तुमाला दिसलं व्हतं?"

मी म्हटलं, "दिसलं होतं."

ती रडली. मीही रडले. नथू तोंड फिरवून बसला.

वाडीने ठरवलं आहे की वही इथेच राहील. माझं त्यावर काही चालत नाही आणि चालावं अशी इच्छाही नाही. तुम्ही म्हणाल, वही संस्थेची. कागद संस्थेचा असेल. त्यातली पोरं ज्यांची, वही त्यांची.

जया


खालची वाडी
१० जानेवारी १९६०

सर,

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र मिळालं. तुम्ही सही घाईत केलेली दिसते, तुमचं अक्षर इतकं वाकडं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा राजीनामा याच पाकिटात आहे. चिमटा, तराजू आणि मापाची फीत नथूबरोबर आधीच पाठवली. तेलाची वाटी माझी आहे, ती ठेवून घेतली.

संपूर्ण वहीची नक्कल मी हाताने उतरवून समितीला पाठवली आहे. त्यात दूध मी दिलं हेही आहे, मी आधी नाही म्हटलं हेही आहे, आणि गोवरात वर नऊपैकी नऊ व खाली अकरापैकी दहा उठली हेही आहे. सोबतच्या पत्रात लिहिलं आहे की दूध द्यायचं तर दोन्ही वाड्यांना द्या आणि त्यासाठी कुणाला मोजू नका. त्या पत्रावर दोन्ही वाड्यांतल्या त्रेसष्ट जणांचे अंगठे आहेत. समिती काय करील मला ठाऊक नाही. कदाचित फाइलला लावील, कदाचित मला वेडी ठरवील. ठरवू दे.

तुम्ही शेवटी विचारलंत, "आता तू तिथे कोण म्हणून राहणार आहेस?" टोमणा होता, पण प्रश्न चांगला आहे. मी विद्यार्थिनी नाही, संशोधक नाही, नोकर नाही. वरच्या शाळेत मुलांना अक्षरं शिकवते, दोन्ही वाड्यांच्या. आजारी पोराला पौडाला नेते. वाघजाईवर माझा विश्वास आहे का, असंही तुम्ही विचारलंत. दगडावर नाही. पण त्या दगडापुढे तेल हातात घेऊन मी जे कबूल केलं होतं ते खरं करणं भाग आहे, एवढा विश्वास बसला आहे. साळूबाई म्हणते तेवढा पुरे.

तुमच्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. तुमच्याबद्दलचा आदरही जात नाही, त्याचा मला जास्त राग येतो. तुम्ही माणूस म्हणून लहान असता तर मी दोन ओळींत मोकळी झाले असते.

मूळ वही पारूच्या घरात शिंक्यावर आहे. तुम्हाला ती हवी असेल तर स्वतः यावं लागेल. शिपायाच्या हाती मिळणार नाही. पारूपुढे बसून चौदावं पान तुम्ही तुमच्या तोंडाने वाचायचं, पंधराही ओळी, आणि ती विचारील त्याचं उत्तर द्यायचं. वाडीचं म्हणणं एवढंच आहे. कुणी हात उगारणार नाही. भाकरी मिळेल.

पानाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना कोरा होता, ज्यात तुम्हाला "गाव सोडून गेली" हवं होतं. पारू काल वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, मी सांगते ते लिहा, तुमचं घालू नका. मी एक अक्षरही माझं घातलेलं नाही. नक्कल पाठवते:

"सोनी कुटं गेली न्हाई. हितंच हाय, आमच्या शेताच्या कडंला, आवळीखाली. तिच्या बानं आन् आत्यानं माती दिलीया. ज्याला तिला मोजायचं आसंल त्यानं हितं यावं. — पारू, सोनीची आई."

पारूचा अंगठा तिथे आहे. त्याखाली माझी सही केली आहे. शेजारी एक जागा मोकळी ठेवली आहे, सर, ती तुमची.

जया